मातेरुनीचा धबधबा आणि कॉफीची सहल (मोशी, टांझानिया) : एक परीक्षण

किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, टांझानियातील मोशी शहराच्या उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरवर मातेरुनी नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला सुमारे ८० मीटर उंचीचा धबधबा आहे. तिथपर्यंतची पायी वाट, घरच्या घरी कॉफी तयार करण्याचे प्रात्यक्षिक आणि चागा (किलिमांजारोच्या उतारावर राहणारा समाज) पद्धतीचे दुपारचे जेवण असे तीन भाग एकत्र करून इथे एक दिवसाची सहल दिली जाते. या सहलीला येणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक, शिखराच्या चढाईसाठी आलेले आणि चढाईच्या आधी किंवा नंतर एखादा मोकळा दिवस हाताशी असलेले प्रवासी. आणि दुसरे, मोशीतल्या शाळांत, दवाखान्यांत व संस्थांत काही महिने राहून काम करणारे माझ्यासारखे परदेशी स्वयंसेवक, ज्यांना आठवड्यातून एखादी सुट्टी मिळते आणि ती खोलीत कपडे धुण्यात घालवायची नसते. मी निवृत्त शिक्षिका आहे, येथील एका शाळेत गणित शिकवते, आणि चालण्याची सवय असली तरी गुडघ्यांचा विचार करूनच पाऊल टाकण्याचे माझे वय आहे. पुढील अभिप्राय त्या दृष्टीने वाचावा.

माझे मत आरंभीच नोंदवते. सहल घेण्याजोगी आहे. परंतु ज्या गोष्टीच्या नावावर ती विकली जाते ती तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट नव्हे. धबधबा देखणा आहे, यात शंका नाही. पण धबधब्याकडे नेणारी वाट ज्या शेतांतून आणि परसांतून जाते, ती शेती जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते, आणि बहुतेक गट तिच्यामधून खाली मान घालून, पुढच्या फोटोच्या घाईत निघून जातात. गाईडला सुरुवातीलाच ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, असे सांगितले तर हाच दिवस वेगळा होतो आणि त्यासाठी एक शिलिंगही जास्त द्यावा लागत नाही.

सहल ठरवण्याचे मार्ग तीन आहेत. शहरातल्या एखाद्या एजन्सीकडून गाडी, गाईड, प्रवेश आणि जेवण यांसह सर्व काही घेता येते. आपण राहतो त्या वसतिगृहातून किंवा यजमान कुटुंबाच्या ओळखीने गट जमवता येतो. किंवा स्वतःच गावापर्यंत जाऊन तेथे नोंदणी करून, प्रवेशशुल्क भरून गावातला गाईड घेता येतो. मी पहिला आणि तिसरा असे दोन्ही मार्ग वापरले आहेत. एजन्सीच्या वेळी बोली ‘सगळे धरून’ अशी होती, प्रत्यक्षात गावात पोचल्यावर कॉफीच्या प्रात्यक्षिकाचे पैसे निराळे मागण्यात आले, आणि चालक व गाईड या दोघांनीही हा हिशेब एकमेकांकडे ढकलला. रक्कम मोठी नव्हती, परंतु दहा-बारा अनोळखी माणसांच्या गटात उभे राहून घासाघीस करण्याची वेळ कोणावर येऊ नये. म्हणून प्रवेशशुल्क, गाईड, कॉफी, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी या पाच बाबींपैकी काय धरले आहे आणि काय नाही, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे. संदेशात लिहून दिले तरी पुरे. दुसरे असे की एजन्सीचे दर एकट्या माणसाला चारजणांच्या गटातील माणसापेक्षा कितीतरी जास्त पडतात, कारण त्यातला मोठा भाग गाडीचा असतो. स्वयंसेवकाला मिळणारा महिन्याचा खर्च लक्षात घेता तिसरा मार्गच परवडतो, आणि त्यात पैसे थेट गावात राहतात हा भाग वेगळाच. गावात कार्ड चालत नाही. रोख शिलिंग जवळ ठेवावेत, आणि स्थानिक सिमकार्ड असलेल्यांनी मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सुरू करून घ्यावी, कारण या देशात भाजीवालीपासून दुचाकीवाल्यापर्यंत बरेच जण ते स्वीकारतात.

स्वतः जायचे असल्यास मोशीच्या बसस्थानकाच्या परिसरातून उरू भागाकडे जाणारी दालादाला मिळते. दालादाला ही टांझानियातली खाजगी मिनीबस. ती वेळेवर नव्हे तर भरल्यावर सुटते, आणि ‘भरली’ या शब्दाबद्दल तिच्या वाहकाचे आणि आपले मत कधीही जुळत नाही. पुण्याच्या कंपनीच्या तीनचाकी रिक्षा या शहरात भरपूर आहेत आणि त्यांना सर्रास ‘बजाजी’ म्हणतात. त्या पाहून मराठी माणसाला बरे वाटते, परंतु मातेरुनीच्या चढाला त्यांच्या भरवशावर निघू नये. शेवटचा टप्पा चढाचा आणि खडबडीत आहे. पावसात तिथली लाल माती अशी निसरडी होते की चारचाकी गाड्यासुद्धा आडव्या सरकतात. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची दुचाकी, हा झटपट पर्याय आहे. मात्र शिरस्त्राण मिळेलच असे नाही, आणि आमच्यासारख्यांना कामावर रुजू होताना स्वयंसेवी संस्थांकडून ज्या गोष्टींबद्दल बजावले जाते त्यांत ही दुचाकी अग्रभागी असते. मी दालादालाने गेले, आणि पुन्हा जायचे झाल्यास तशीच जाईन.

गावात पोचल्यावर नाव नोंदवावे लागते आणि गाईड सोबत घ्यावा लागतो. वाट चुकण्यासारखी नसली तरी ती लोकांच्या खाजगी जमिनींतून जाते, त्यामुळे ही अट मला रास्त वाटते. मला मिळालेला गाईड तरुण, इंग्रजी उत्तम बोलणारा आणि झाडांची नावे स्वाहिली, चागा व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सांगणारा होता. सर्वच गाईड असे असतील असे नाही; एजन्सीच्या गटाबरोबर आलेला गाईड वाटभर फोनवर होता. शक्य असल्यास नोंदणी करतानाच ‘शेतीबद्दल सांगणारा माणूस हवा’ असे सांगून पाहावे. आपण थोडी स्वाहिली बोललो तर गाईडचा नूर पालटतो. वाटेत वयस्कर माणूस दिसला की ‘शिकामो’ म्हणावे, ते ‘मराहाबा’ असे उत्तर देतात. लहानांनी मोठ्यांना करायचा हा नमस्कार आहे आणि परदेशी माणसाने तो न चुकता केला तर समोरची आजी काठी टेकून थांबते, विचारपूस करते. माझे केस पांढरे असल्यामुळे शाळकरी मुले मलाच शिकामो म्हणत होती, हा भाग निराळा.

धबधब्यापर्यंतची चाल एका बाजूने पाऊण ते एक तासाची आहे. ‘चढाई’ म्हणावे इतकी ती कठीण नाही. सह्याद्रीत एखाद्या मध्यम किल्ल्यावर विनातक्रार जाणाऱ्या माणसाला ती सोपी वाटेल. वाट आधी घरांच्या मधून, मग दरीच्या कडेने जाते, आणि शेवटी ओढ्याच्या अंगाने दगडांवरून व मुळांवरून उतरते. या शेवटच्या टप्प्यात सतत ओल असते आणि पकडायला कठडा नाही. गुळगुळीत तळ्याचे बूट घालून आलेल्या माणसांची इथे फजिती होते. गाईड हात देतात, परंतु एका गाईडमागे आठ-दहा माणसे असली तर तो कोणाकोणाला देणार? गुडघे दुखत असतील तर काठी मागून घ्यावी. गावात ती मिळते.

आता त्या शेतीविषयी, कारण या सहलीचा गाभा माझ्या मते तिथेच आहे. चागा कुटुंबाच्या घराभोवतीच्या जमिनीला किहांबा म्हणतात. ती वडिलार्जित असते, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबाकडे राहते, आणि घरातली मृत माणसेही बहुधा तिथेच पुरली जातात, त्यामुळे केळीच्या बनात मध्येच एखादी टाइल लावलेली स्वच्छ कबर दिसते. या जमिनीत पिके एकाशेजारी एक नसून एकावर एक घेतलेली असतात. सर्वांत वर सावली आणि लाकूड देणारी उंच झाडे, त्यांत सिल्व्हर ओक ओळखू येतो; त्याखाली केळी; केळींच्या सावलीत कॉफीची झुडपे; आणि जमिनीलगत अळू, सुरण, घेवडा, भाज्या. मधूनमधून अॅव्होकॅडो. गाय आणि शेळ्या चरायला सोडलेल्या नसतात. त्या गोठ्यात बांधलेल्या असतात, केळीचे खुंट आणि कापून आणलेले गवत त्यांना तिथेच मिळते, आणि त्यांचे शेण पुन्हा केळींच्या बुडाशी जाते. किलिमांजारोच्या याच उतारावरील शिम्ब्वे जुऊ येथील किहांबा पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. इतकी दाट वस्ती आणि तरी इतकी झाडे एकाच डोंगरावर का टिकली, याचे उत्तर या थरांमध्ये आहे. माझ्या गाईडने हे सगळे एका परसात उभे राहून, बोटाने वरून खाली दाखवत सांगितले. एजन्सीच्या गटाला मात्र ‘ही केळी, ही कॉफी’ यापलीकडे काही कळले नाही.

दोन किहांबांच्या मधल्या कुंपणाकडेही लक्ष द्यावे. ड्रॅसिनाची, म्हणजे मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत कुंडीत दिसणाऱ्या त्या लांब पानांच्या झाडाची, जिवंत रांग हीच इथे हद्द असते. तिला येथे ‘मसाले’ म्हणतात. चागा समाजात या पानाला मोठा मान आहे. भांडण झालेल्या माणसाकडे हे पान घेऊन जाणे म्हणजे क्षमा मागणे, आणि अशी मागितलेली क्षमा नाकारणे शिष्टाचाराला धरून नसते. वाटेच्या कडेने वाहणारे छोटे पाटही तसेच. ते चागांनी डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी उताराच्या अंगाने वळवून शेतापर्यंत आणण्यासाठी युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून खोदले आहेत, त्यांना म्फोंगो म्हणतात, आणि त्यांच्या पाळ्या व दुरुस्ती गावकरी आपसात ठरवत आले आहेत. नाशिक-धुळ्याकडच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीशी परिचय असलेल्या वाचकाला इथे रेंगाळावेसे वाटेल.

धबधबा एकदम समोर येतो. दरीच्या वळणापर्यंत त्याचा नुसता आवाज असतो, आणि वळण संपताच काळ्या खडकाच्या उभ्या भिंतीवरून सरळ एका धारेत कोसळणारे पाणी दिसते. पायथ्याशी उथळ डोह आहे. तुषार इतके उडतात की डोहापासून बऱ्याच अंतरावर उभे राहूनही पाच मिनिटांत अंगावरचे कपडे ओले होतात. फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि अंगासाठी कोरडा सदरा सोबत असावा. पाणी अतिशय थंड असते. तरुण मंडळी आरडाओरडा करीत आत जातात आणि तितक्याच वेगाने बाहेर येतात. कपडे बदलण्याची बंदिस्त जागा मला तिथे दिसली नाही, ही स्त्रियांच्या दृष्टीने मोठी उणीव आहे. पोहायचे असल्यास पोहण्याचे कपडे आतूनच घालून यावे, आणि गावात शिरण्यापूर्वी वरून कांगा किंवा मोठा पंचा गुंडाळावा, कारण गावातल्या बायका गुडघ्याखालपर्यंत अंग झाकूनच वावरतात. पूर्व आफ्रिकेत संथ गोड्या पाण्यातील गोगलगायींमुळे पसरणाऱ्या बिल्हार्झिया रोगाची भीती स्वयंसेवकांना घातली जाते, आणि ती योग्यच आहे. वेगाने वाहणाऱ्या थंड पाण्यात हा धोका पुष्कळ कमी असतो, तरीही अंगावर उघड्या जखमा असतील तर बाहेर थांबणे चांगले.

या ठिकाणी एक दुरुस्ती करावीशी वाटते. बहुतेक गाईड हे पाणी शिखरावरच्या बर्फाचे असल्याचे सांगतात, आणि पाण्याचा गारवा पाहता ते ऐकणाऱ्याला पटतेही. वस्तुतः किलिमांजारोच्या नद्यांना आणि झऱ्यांना होणाऱ्या पुरवठ्यात हिमनद्यांचा वाटा फार थोडा आहे. गावांच्या वर जो घनदाट जंगलाचा पट्टा आहे, तोच पाऊस आणि धुके अडवतो, जमिनीत मुरवतो आणि वर्षभर खाली सोडतो. सह्याद्रीतले बहुसंख्य धबधबे पावसाळा संपताच दोन-तीन महिन्यांत दोरीसारखे होतात. मातेरुनीचा धबधबा कोरड्या महिन्यांतही वाहतो तो या जंगलामुळे. १९१२ पासून या पर्वतावरचे ८० टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसे झाले आहे. ते दुःखद आहेच, परंतु खालच्या गावांच्या पाण्याच्या दृष्टीने झाडे तुटणे ही बर्फ वितळण्यापेक्षा अधिक गंभीर बाब आहे, आणि ही गोष्ट गाईडच्या तोंडून पाहुण्यांपर्यंत पोचली तर सहलीची प्रत निश्चितच वाढेल.

परतीच्या वाटेवर काही गाईड झुडपातून सरडगुहिरा, म्हणजे शॅमेलिऑन, शोधून काढतात आणि तो पाहुण्यांच्या हातावर, खांद्यावर, प्रसंगी डोक्यावर ठेवतात. फोटो चांगले येतात. तो प्राणी मात्र दिवसभर गटामागून गट असाच हाताळला जातो. मी नकार दिला आणि फांदीवरच पाहू द्या असे सांगितले. गाईडला त्याचे वाईट वाटले नाही. ही प्रथा बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर कॉफी. गवताने शाकारलेल्या मंडपात चुलीभोवती बाके मांडलेली असतात. झुडपावरून तोडलेली लाल फळे हाताने फिरवायच्या यंत्रात घालून त्यांची साल काढायची, बिया पाण्यात भिजवून त्यांवरचा बुळबुळीत थर जाऊ द्यायचा, उन्हात वाळवायच्या, हे टप्पे नमुने दाखवून समजावले जातात, कारण त्यांना दिवसच्या दिवस लागतात. पुढचे मात्र सगळे समोर होते. वाळलेल्या बियांवरचे टरफल काढण्यासाठी त्या लाकडी उखळात घालून मुसळाने कांडतात, सुपात घेऊन पाखडतात, चुलीवरच्या भांड्यात लाकडी कालथ्याने हलवत भाजतात, पुन्हा उखळात घालून पूड करतात, आणि ती पूड उकळत्या पाण्यात टाकून गाळतात. कांडताना आणि भाजताना गाणे म्हटले जाते, टाळ्या पडतात, आणि पाहुण्यांच्या हातात मुसळ दिले जाते. अनेक युरोपीय पाहुणे मुसळ दोन्ही हातांनी घट्ट धरून खांद्याच्या जोराने आपटतात आणि मिनिटाभरात दमतात. मी लहानपणी घरात भात कांडलेला असल्याने मुसळ वर गेले की सैल सोडायचे आणि त्याच्या वजनानेच पडू द्यायचे, हे मला सांगावे लागले नाही. कांडणाऱ्या बाईंनी भुवया उंचावल्या आणि मग माझ्या समोर दुसरे मुसळ घेऊन उभ्या राहिल्या. दोघींनी आळीपाळीने घाव घालून त्या दिवसाची कॉफी कांडली.

गाणे पाहुण्यांसाठीच म्हटले जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसातून चार गट आले तर ते चार वेळा, त्याच जागी, त्याच हशांसह होते. याने काहींचा विरस होतो. मला स्वतःला त्यात खोटेपणा वाटला नाही, कारण कॉफी खरी आहे, कष्ट खरे आहेत आणि त्याचा मोबदला मिळतो. मात्र उत्साहाच्या भरात कॉफीचा इतिहास गाळला जातो, तो गाळू नये. किलिमांजारोवर अरेबिका कॉफी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक मिशनऱ्यांनी आणली. ब्रिटिश अमदानीत गोऱ्या मळेवाल्यांनी आफ्रिकी शेतकऱ्यांच्या कॉफी लागवडीला विरोध केला, तर चार्ल्स डंडास या अधिकाऱ्याने तिला उत्तेजन दिले. चागा शेतकऱ्यांनी १९२५ मध्ये आपली संघटना उभारली, आणि १९३३ मध्ये तिच्या जागी किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन ही सहकारी संस्था आली, जी आजही मोशीत आहे. महाराष्ट्रात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या मराठी माणसाने ती कान देऊन ऐकावी अशी आहे. सहलीत ती सांगितली जात नसेल तर विचारावी. मोशीत याच संस्थेच्या इमारतीत असलेल्या ‘युनियन कॅफे’मध्ये भिंतीवरची जुनी छायाचित्रे पाहत दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी कॉफी घेता येते.

चवीबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर गावात समोर तयार झालेली कॉफी मोशीतल्या चांगल्या उपाहारगृहातल्या कॉफीइतकी एकसारखी लागत नाही. चुलीच्या आचेवर काही बी जास्त भाजली जाते, काही कमी. पूड जाडीभरडी असते. आणि भाजून लगेच उकळलेल्या कॉफीला थोडा उग्रपणा राहतोच. तिचा वास मात्र अविस्मरणीय आहे. दूध मागितले तर मिळेलच असे नाही, साखर मिळते. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांनी पहिला कप बिनसाखरेचा घेऊन पाहावा. शेवटी भाजलेल्या कॉफीच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या असतात. घेण्याचा आग्रह होतो, पण तो सौम्य असतो. बी अख्खी घ्यावी, पूड घेऊ नये. घरी नेईपर्यंत पुडीचा वास निम्मा झालेला असतो. झुडपांवर लाल फळे पाहायची असतील तर जुलैपासून वर्षअखेरीपर्यंतचा काळ योग्य, एरवी साठवणीतल्या बियांवर प्रात्यक्षिक होते.

जेवणाबद्दल थोडक्यात. भात, शिजवलेली हिरवी केळी, घेवड्याची उसळ, माठासारखी म्चिचा ही पालेभाजी आणि मांसाचा रस्सा असे साधारण स्वरूप असते. केळी आणि मांस एकत्र शिजवून केलेले म्तोरी नावाचे दाट सूप ही इथली खासियत आहे. शाकाहारी मंडळींनी नोंदणीच्या वेळीच ‘सिली न्यामा’, म्हणजे मी मांस खात नाही, असे सांगावे, आणि सूप व केळीची भाजी यांबद्दल निराळे विचारावे, कारण ती मांसाच्या पाण्यात शिजवलेली असू शकतात. तिखट जवळजवळ नसते. हिरव्या मिरचीचा ठेचा डबीतून नेणाऱ्या एका मुंबईच्या डॉक्टरीणबाईंची दूरदृष्टी मला त्या दिवशी पटली. गावात कुणी म्बेगे देऊ केले तर ते पिकलेल्या केळ्यांपासून आणि मोड आणलेल्या नाचणीपासून केलेले मद्य असते. आंबट, दाट, तळाशी गाळ असलेले. नाचणीचे आंबील आवडणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही, मात्र उतरायच्या वाटेआधी ते घेऊ नये.

केव्हा जावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. धबधबा तेव्हा भरात असतो, परंतु रस्ता आणि शेवटचा उतार दोन्ही त्रासाचे होतात. जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने सर्वांत सोयीचे. सकाळी लवकर निघाल्यास मोशीतून आणि चढाच्या रस्त्यावरून ५,८९५ मीटर उंचीचे शिखर दिसण्याची शक्यता असते. पुढे ढग येतात. गाव बहुतांशी ख्रिस्ती असल्याने रविवारी सकाळी बरेच लोक चर्चमध्ये असतात; चर्चमधले समूहगान दरीपर्यंत ऐकू येते आणि ते ऐकण्यासारखेही आहे, पण गाईड आणि कॉफीवाल्या बायका उशिरा मिळतात. शनिवारची सुट्टी असेल तर शनिवारीच जावे. नाताळच्या सुमारास दार-एस-सलामपासून देशभर विखुरलेले चागा आपापल्या किहांबाकडे परततात, तेव्हा मोशीकडच्या बसेस भरून वाहतात. गाव पाहायला तो काळ सुंदर, शांतपणे चालायला नव्हे.

बऱ्याच एजन्सी मातेरुनी आणि बोमा एन्गोम्बे जवळचे चेमका हे निळ्या, स्वच्छ पाण्याचे झरे एकाच दिवसात करून देतात. वेळेचा हिशेब मांडला तर ते शक्य आहे. परंतु तसे केल्यास सकाळी नऊपासून गाईड घड्याळाकडे पाहू लागतो, परसात थांबता येत नाही, कॉफी घोटभर घेऊन उठावे लागते, आणि दुपारचा मोठा भाग गाडीत धुळीच्या रस्त्यावर जातो. दोन्ही पाहायची असतील तर दोन सुट्ट्या खर्च कराव्यात. महिनोन्‌महिने राहणाऱ्या स्वयंसेवकाला तेवढ्या मिळतातच. ज्यांच्या गुडघ्यांना मातेरुनीचा शेवटचा उतार झेपणार नाही, किंवा ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे, त्यांनी पूर्वेकडे मारंगूला जावे. तिथे किनुकामोरीचा धबधबा रस्त्यापासून जवळ आहे, मोशीहून थेट दालादाला जाते, आणि उंचीने तो मातेरुनीच्या पासंगालाही पुरत नसला तरी वाटेवर केळी आणि कॉफी तीच आहे. स्वतःच्या सोयीने मातेरुनीला गेलेल्यांनी मात्र परतीची दालादाला किती वाजेपर्यंत मिळते हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे; दुपारनंतर गाड्या विरळ होतात, आणि इथे वर्षभर संध्याकाळी सातच्या आतबाहेर अंधार पडतो.